मधलं कार्ड

३ मार्च, रविवार

बंद पडला मेला! ऐन पुलाच्या मध्यावर. बाबा पुढे, मी मागे, दोघं नदी ओलांडत होतो आणि माझ्या लॅपटॉपने एकदा घरघर करून डोळे मिटले. पुन्हा चालू करून खेळात शिरेपर्यंत बाबा पलीकडच्या काठावर एकटेच उभे. कानात त्यांचा आवाज आला, "आलीस? बरं."

बाबा लिफ्टचे मिस्त्री होते. जन्मभर लोकांना वर नेलं, खाली आणलं. निवृत्त झाल्यावर सुटे भाग आणून स्वतःच एक दांडगा कॉम्प्युटर जोडला आणि हा गाव वसवायचा खेळ शोधून काढला. आई गेल्यावर मलाही त्यात ओढलं. ते तिकडे त्यांच्या शहरात, मी इकडे. एरवी आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" "जेवले." "बरं." खलास. पण रविवारी खेळात शिरले की हाच माणूस बोलायला लागतो. लाकडं तोडता तोडता लहानपणच्या मारामाऱ्या सांगतो, आई रुसायची कशी तेही सांगतो. हा डबा कायमचा बसला तर माझा रविवार गेला, आणि रविवार गेला तर बाबाच गेले म्हणायचे. नवा घ्यायचाच.

५ मार्च, मंगळवार

नवरा वाचनालयात नोकरीला आहे. त्याला घरातही वाचनालयच हवं! वायरींचं जंजाळ नको, आवाज नको, टेबलाखाली खोकं नको. शिवाय फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या बोळकांडीत मावलं पाहिजे. म्हणून ऑल-इन-वन घ्यायचं ठरलं. सगळं यंत्र पडद्याच्या पाठीतच, बाहेर वायर एक. "दिसायलाही बरं," म्हणाला. याला दिसण्याची पडलीये, मला चालण्याची.

९ मार्च, शनिवार

दुकानात जाऊन आलो. दुकानदार भला निघाला, समजावून सांगत होता. तीन पर्याय आहेत. पहिल्यात पडद्यावरची चित्रं रंगवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीच – बिलं भरा, सिनेमे बघा, मजा करा. दुसऱ्यात मधलं कार्ड, खेळ नीट दिसतील असं. तिसऱ्यात एकदम तगडं. पण ते या सडपातळ अंगात तापतं, तापलं की पंखा बोंबलतो आणि वेगही पडतो. खोक्याच्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड पुढेमागे बदलता येतं, यात तसं नाही. कारखान्यातून जे बसून येईल ते जन्माचं.

"लग्नासारखं," असं म्हणून तो नवऱ्याकडे बघून हसला. नवरा हसला नाही. त्याचं सगळं लक्ष त्या बोंबलणाऱ्या पंख्यात अडकलं होतं.

शेवटी बिनकार्डाचंच सांगून, इसार देऊन आलो. रविवारपुरतं तर खेळायचं, त्याला कशाला एवढा थाट! शहाण्यासारखं वागले असं स्वतःला बजावतेय. तरी काहीतरी खुपतंय.

१० मार्च, रविवार

लॅपटॉप आज कसाबसा तग धरून होता. बाबा मला टेकडीमागे घेऊन गेले. म्हणाले, इथे उभी राहा.

"काय दिसतंय?"

"जमीन."

"कसली?"

"करडी. दुसरं काय दिसणार?"

"बरं. असू दे."

त्यात माझी काय चूक? खेळ निदान चालावा म्हणून मी त्यातली चित्रांची सगळी सेटिंग्ज सगळ्यात कमीवर ठेवलीत. गवत उगवत नाही, सावल्या पडत नाहीत, जरा लांबचं काहीही धुक्यात. गंमतच आहे. मी दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. पांढऱ्याच्या इतक्या छटा मला ओळखता येतात की डॉक्टर लोक चार माणसांत कौतुक करतात. आणि रविवारी मात्र मी एकाच करड्या रंगातून हिंडत असते.

जाता जाता बाबांना दुकानातले तिन्ही पर्याय सांगितले, आणि कार्डाशिवायचा मागवलाय हेही.   बाबा म्हणाले, "मधलं मिळतं का बघ."

का, विचारलं. तर म्हणे, असंच.

बाबांनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही. पाणी हवं असलं तरी स्वतः उठतात.

११ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून धावले. नखांत मेण, बाहीवर प्लास्टर. दुकानदार म्हणाला, ऑर्डर पुढे गेली बाई, आता कठीण आहे. मी म्हटलं, वडिलांनी मागितलंय. का कुणास ठाऊक, कार्ड जणू त्यांच्याच घरी जाणार आहे असं बोलले! त्याने माझ्या बाहीकडे बघितलं, मग फोन उचलला, तिकडे कुणी घेतला नाही. उद्या बघतो म्हणाला.

१२ मार्च, मंगळवार

फोन नाही. एका कवळीत सुळा चुकीच्या बाजूला बसवला. वेळीच दिसला म्हणून बरं, नाहीतर कुणीतरी बिचारा वाकडं हसला असता.

१३ मार्च, बुधवार

मिळालं! मिळालं! मधलं!! लॅबमध्येच ओरडले. शेजारचा प्लास्टरवाला दचकला, त्याचा साचा बिघडला. त्याला चहा पाजून मिटवलं.

आता नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? परस्पर बदलून आले.

१४ मार्च, गुरुवार

सांगितलं. त्याने पुस्तक खाली ठेवलं. म्हणजे प्रकरण गंभीर. विचारलं एवढंच – "पंखा?" मी म्हटलं, मधल्याचा एवढा आवाज नसतो म्हणे. तो पुन्हा पुस्तकात गेला. दोन पानं उलटून झाल्यावर म्हणाला, मला माहीत होतं तू बदलणार. शनिवारी दुकानातून निघताना वळून वळून त्या मधल्याकडेच बघत होतीस. मी म्हटलं, मग तिथेच का नाही बोललास? तर म्हणे, खेळणार तू, मी कशाला मध्ये पडू.

असा नवरा. कधी डोक्यात जातो, कधी असा वागतो. आज बटाट्याची भाजी त्याला आवडते तशी केली.

१७ मार्च, रविवार

लॅपटॉप उघडलाच नाही. नुसता फोन. "जेवलीस?" "जेवले." "कधी येणार तो?" "पुढच्या आठवड्यात." "बरं." पण हे "बरं" नेहमीचं नव्हतं, अधीर होतं. लहान मुलासारखं करताहेत बाबा.

२३ मार्च, शनिवार

आला! काय देखणा आहे! बोळकांडीत असा बसलाय जणू मापं घेऊनच केलाय. नवरा चारही बाजूंनी फिरून आला. वायर मोजली, एकच. पाठीला कान लावून ऐकलं. "सायलेन्स," म्हणाला, वाचनालयातल्या पाटीसारखा. मला इतकं हसू आलं की खुर्चीवरून पडायची बाकी राहिले.

खेळ उतरवून घेतला. उद्या बाबा.

२४ मार्च, रविवार

आधी रडायची पाळी. सगळी धावपळ करून टेकडीमागे जाऊन उभी राहिले आणि समोर – करडी जमीन! चालायला मात्र लोण्यासारखं. बाबा विचारतात, काय दिसतंय?  एवढं त्या माणसाने मागितलं, एवढी धावले, आणि तेच! दुकानदाराने बिनकार्डाचंच गळ्यात मारलं असेल, असंही मनात येऊन गेलं.

नवरा मागे येऊन उभा राहिला. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण माणूस वाचनालयातला, आधी सूची उघडणार. सेटिंग्ज उघडायला लावल्या, खाली खाली वाचत गेला आणि म्हणाला, "तू सगळं सगळ्यात कमीवर का ठेवलंयस?"

जुन्या सेटिंग्ज माझ्या खात्याबरोबर जशाच्या तशा नव्यात आल्या होत्या! नवं कार्ड आत आयतं बसून होतं आणि त्याला कुणी कामच सांगितलेलं नव्हतं. एकेक पट्टी उजवीकडे सरकवली.

आणि बाग उगवली.

काय सांगू! माझ्या पायांपासून पार टेकडीच्या टोकापर्यंत फुलं. पिवळी, जांभळी, पांढरी – आणि पांढऱ्यातसुद्धा तीन छटा, मला दिसल्या ना! मधून विटांची वाट, वाटेच्या दोन्ही कडांना कशी टीप घातल्यासारखी सरळ रोपं. एक बाक. बाकावर सावली. वारा आला की सगळं एकदम झुकायचं. म्हणजे त्या रविवारी मी या बागेतच उभी होते. तुडवतच होते म्हणा ना!

मी ढसाढसा रडले. आनंदाने. बाबांना म्हटलं, मला ही बाग फार आवडली. ते म्हणाले, खरंच? म्हटलं, खरंच. पुन्हा, "नक्की? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?" म्हटलं, बाबा, मला आयुष्यात इतकं सुंदर कुणी काही दाखवलं नाही. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग लगेच, दूध तापत ठेवलंय, म्हणून गेले.

घरात एक कुंडी जगली नाही कधी या माणसाच्या हातून. एकटेपणात काय काय शिकतो माणूस.

२६ मार्च, मंगळवार

बाबांचा फोन. भर कामात! असं ते कधी करत नाहीत. आधी इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "ती बाग मी नाही लावली गं. मला कुठलं जमतंय! खालच्या मजल्यावर एक बाई राहायला आल्यात, शिवण शिकवतात. रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन त्यांनी लावली. तुला बाग आवडते का ते आधी बघायचं होतं. पुढचं, आमच्या दोघांचं, मग सांगणार होतो."

हातातली कवळी मी खाली ठेवली. विचारलं, "त्या आत्ता आहेत तिथे?"

"आहेत. माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यात."

म्हटलं, "द्या त्यांना फोन."