उन्हातली बरणी

प्रिय छोटे,

'प्रिय' हे सवयीने लिहिलंय, तेव्हा हुरळून जाऊ नकोस. नव्या नोकरीत तुझं बस्तान बसलं असेल. इथे मी एकटीच चहाचं दुकान उघडते आणि माचाचा, त्या हिरव्या जपानी चहापावडरीचा, डबा हातात आला की माझं डोकं फिरतं.

आपला माचा ज्यांच्या हातामुळे खपायचा, त्या चाळणमावशींना तू विसरली नसशील. कपाला दोन ग्रॅम, म्हणजे एक छोटा सपाट चमचा, वर चिमूटही नाही. पावडर चाळल्याशिवाय पाणी घालायचं नाही, आणि पाणी उकळतं तर मुळीच नाही. फ्रिजमधला डबा बाहेर काढला की थोडा वेळ तसाच ठेवायचा. थंडगार उघडला तर आत ओल धरते, गुठळ्या होतात. केकसाठी स्वस्तातली पावडर वेगळी. सोनाराच्या घरी जन्मायची ती बाई चुकून आपल्याकडे आली, म्हणून आपण दोघी खिदळायचो.

आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोप समारंभाचा दिवस आठव. आपल्याच दुकानात, साठ कपांची ऑर्डर. सकाळीच मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, रंग उतरलाय. नवा डबा फोडू या का?" मी घाईत होते. म्हटलं, चमचा जरा चढता भरा, भागेल. भागतंय कसलं! वाळक्या गवताच्या रंगाचं कडू पाणी झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी एक घोट घेऊन कप हळूच खाली ठेवला. ज्या बाईंनी आपल्याला पाटी धरायला शिकवलं, त्यांच्यासमोर माझी मान खाली गेली आणि तो राग मी मावशींवर काढला. भरल्या दुकानात. डबा उघडा टाकलात, वय झालं तुमचं, असं नाही नाही ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "झाकण मी रोज दोनदा दाबून बघते, ताई." मग एप्रन घडी करून ठेवला आणि गेल्या. आठ वर्षांचं काम त्या घडीत संपलं. तू तिथेच होतीस, कप विसळत. हूं की चूं केलं नाहीस.

परवा फोटोवाला आला. जाहिरातीसाठी तू काढून घेतलेले फोटो द्यायचे राहिले होते म्हणे. काय सुरेख फोटो! खिडकीत काचेची बरणी, बरणीत आपला हिरवा माचा, वर झगझगीत ऊन. मी त्याला सहज विचारलं, अर्ध्या तासाचं काम असेल ना? तो म्हणाला, "छे हो! धाकट्या ताईंनी बरणी आठवडाभर तिथेच ठेवली होती. रोज उजेड बघून काढायचो." आठवडाभर, तेही निरोपाच्या ऐन आधी! उजेड, ऊब आणि हवा, या पावडरीचे तीन वैरी तू एकाच खिडकीत बोलावलेस आणि मग गुपचूप सगळं परत डब्यात ओतलंस. चूक कुणाच्याही हातून होते गं. पण तुझ्या चुकीपायी एक बाई माझ्या शिव्या खात होती आणि तुझे हात फेसात होते! जनाची नाही, निदान मनाची तरी?

माझंही पाप कमी नाही. काल मावशींच्या घरी गेले, पाय धरायला वाकले. त्यांनी धरू दिले नाहीत. एकच विचारलं, "धाकटीला हे तेव्हा माहीत होतं का हो?" तुझ्या डब्यात रोज केकचा कडेचा तुकडा ठेवणारी बाई ती. मी म्हटलं, "नाही, मावशी, तिला कल्पनाच नव्हती." त्यांचा चेहरा असा काही निवळला की मला तिथे बसवेना. सोमवारपासून त्या कामावर येतायत, या खोट्याच्या भरवशावर. म्हणून हे पत्र. सोमवारच्या आत ये आणि त्यांच्यासमोर बसून खरं सांग. त्यानंतर त्या येतील किंवा येणार नाहीत, ते त्यांनी ठरवायचं. तू आली नाहीस, तर सोमवारी दार उघडायच्या आधी मीच सांगेन. पाठीशी घातलं ते एकदाच.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई