कोपऱ्यातला सहावा कॉम्प्युटर

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५
नेट नाही! अभ्यासिकेतल्या पाचही कॉम्प्युटरवर नाही. सकाळी सुरू करताना नेहमीसारखा यादीतून जुना कर्नल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम, निवडायला गेलो, तर यादीत जुना नाहीच. जागा कमी पडली म्हणून आपोआप पुसला गेला. नव्यावर वायफायची ती बोटभर काडी चालत नाही, म्हणून फेब्रुवारीपासून जुन्यावरच ढकलत होतो.
झाडता झाडता छबुबाई म्हणाली, "पाशाभाई, इंटरनेटनं बी रोजा धरलाय का?"
इथं अभ्यासाला येणाऱ्या आफ्रीनच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख चौदा. फेब्रुवारीत तिचाच हुकला होता. "चाचा, या वेळी होईल ना?" एवढंच विचारलं पोरीनं.

मंगळवार, ५ ऑगस्ट
दुकानात दोन मोटारी रिवाइंडिंगला पडून आहेत. तरी तीन तास इथंच गेले. काडी लावली की कॉम्प्युटरला ती दिसते, नंबरही येतो. पण तिला चालवणारं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, लोड होत नाही. कर्नलचे निरोप वरून खालपर्यंत वाचले. एकही एरर नाही. मोटार जळली की वास तरी येतो!

बुधवार, ६ ऑगस्ट
बाहेरून आणून बसवलेला जुना ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधून पाहिला. एररचा ढीग. सोडून दिलं.
अजिनाथ असता तर पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली असती. त्याच्या पिठाच्या गिरणीवरून थेट यायचा, कीबोर्डात पीठ सांडायचं, मी चिडायचो. गावच्या शाळेत एका तरटावर बसलेले आम्ही. हे कॉम्प्युटर दोघांनी मिळून उभे केले.
अकरा फेब्रुवारीचं तेव्हा काही लिहिलं नव्हतं. हात उचलला नाही. आज लिहितो.
त्या दिवशी सकाळी अजिनाथनं सगळे कॉम्प्युटर अपडेट केले आणि नेट गेलं. नेमकी फॉर्मची शेवटची तारीख. पोरी जीप करून केजला गेल्या. आफ्रीनची पाळी येईपर्यंत साइट अडकली, ती अडकलीच. मी साडेचारला दुकानातून आलो. अजिनाथ कोपऱ्यातल्या सहाव्या कॉम्प्युटरवर बसला होता. "पाशा, जरा हिकडं ये, हे बघ," म्हणाला. मी बघितलं नाही. केजहून परतलेल्या पोरींसमोर, त्यांच्या बापांसमोर ओरडलो — "कुणाला विचारून अपडेट केलंस बे? पोरीचं वर्ष घालवलंस!"
त्यानं कॉम्प्युटर बंद केला, अभ्यासिकेची चावी टेबलावर ठेवली, गेला. मी जुना कर्नल सुरू केला, नेट आलं. चूक अजिनाथची, हे सगळ्यांना पटलं. मलाही. त्याच आठवड्यात विजेच्या चढउतारात सहाव्याचा पॉवर सप्लाय गेला. तेव्हापासून तो कापडाखाली.
सहा महिने झाले. पीठ दुसऱ्या गिरणीवरून आणतो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
जुम्याच्या नमाजाहून आलो आणि सापडलं!
या काडीचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये आधीपासूनच आहे. घरचाच! हातानं लोड केला — लगेच दिवा लागला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला — पुन्हा गायब. म्हणजे त्याला कुणीतरी अडवतंय. मनाई केलेल्या मॉड्यूलची फाइल उघडली. आत याच ड्रायव्हरचं नाव. वर शेरा: "बाहेरचा ड्रायव्हर नीट चालावा म्हणून घरचा बंद केला. पाशा, २०२२."
मीच. तेव्हा गरज होती म्हणून केलं, आणि विसरून गेलो. ही ओळ नसती तर अपडेटनं काहीच बिघडलं नसतं.
पाचही ठिकाणी त्या ओळीच्या आधी # टाकला. # असला की ओळ वाचली जात नाही. सगळीकडं नेट आलं.

शनिवार, ९ ऑगस्ट
आफ्रीनचा फॉर्म भरला. तिला सांगितलं, बेटा, तुझं वर्ष माझ्यामुळं गेलं. ती म्हणाली, "अजिनाथकाकांना सांगितलं का?"

रविवार, १० ऑगस्ट
गिरणीवर गर्दी असेल म्हणून गेलो नाही.
खोटं. घाबरलो.

सोमवार, ११ ऑगस्ट
आजही नाही. फजरच्या नमाजानंतर बराच वेळ मुसल्यावर बसून होतो. बायको बीबीजान म्हणाली, "अल्लाहकडं मागून झालं. आता गिरणीकडं जा." बरोबर आहे तिचं. माणसाचा हक्क मारला तर तो त्या माणसानंच माफ करायचा असतो.

मंगळवार, १२ ऑगस्ट
गेलो. गिरणी चालू. अजिनाथनं मान वर केली, पण गिरणी थांबवली नाही. मग काय, ओरडूनच सांगावं लागलं — ती ओळ माझी होती, तुझी चूक नव्हती! रांगेत ज्वारीचा डबा घेतलेली केशरबाई दचकली. "भांडताय कावून ओ?"
"भांडत न्हाई, माफी मागतोय!"
अजिनाथ म्हणाला, "मग हळू माग की बे! बायांचं दळण बिघडंल."
सगळ्या हसल्या. एका परीनं बरंच झालं. आळ चारचौघांत घेतला होता, माफीही चारचौघांत झाली.
मग त्यानं गिरणी थांबवली. कुठली ओळ, कुठल्या फाइलीत, सगळं नीट ऐकून घेतलं. "आसं हाय व्हय," म्हणाला. हात धुतले, मी पुढं केलेली अभ्यासिकेची चावी घेतली. "झालं गेलं. चहा पी."

गुरुवार, १४ ऑगस्ट
सहाव्याला नवा पॉवर सप्लाय बसवला. सुरू झाला. त्याचीही ती फाइल उघडली.
ओळीच्या आधी # आहे. फाइल शेवटची बदलली — ११ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.
मी साडेचारला आलो होतो, तेव्हा तो म्हणाला होता, "हे बघ."