शिकारगाहीतली चितळं

१२ फेब्रुवारी १९४९
दोनशे चितळं मारायची! भगवंतराव साहेबांचा हुकूम. मुंबई इलाख्यातून येऊन चार महिने नाही झाले, नवाबाच्या या शिकारीच्या जंगलाचे मालक झाले. म्हणे, चितळं शिसवीची रोपं खातात, जंगल उभंच राहणार नाही. मी म्हटलं, "साहेब, तपासल्याशिवाय?" तर सगळ्या कचेरीसमोर — "दारोगा, तुम्ही नवाबाच्या शिकारीतले हाकारे. जंगल तुम्ही ढोल बडवून शिकलात."
हो, ढोल बडवूनच! तेराव्या वर्षापासून. तुम्ही पुस्तकातून शिकलात. पुस्तक पळत नाही, एवढाच फरक.

१४ फेब्रुवारी
महिन्याची मुदत मिळाली. सतरा मार्चला बंदुका येणार. रोपांच्या दोन चौकटी आखल्या — एकीला काट्यांचं कुंपण, दुसरी उघडी. रोज लेंड्या मोजायच्या, पानं तपासायची.
पडद्याआडून साहेब — "म्हातारा लेंड्या मोजत मोजत पेन्शनीत जाईल." माझे कान तिखट आहेत, हे विसरतात.

२ मार्च
कुंपणातली रोपं हिरवीगार. बाहेरची बोडकी. पानं फाटल्यासारखी तोडलेली, खाली लेंड्या — चितळच. साहेब खरे!
चिक्कडपल्लीला घरापर्यंत सायकल ढकलत आलो. जेवण गेलं नाही. पण टेकडीपलीकडे हीच रोपं उघड्यावर आहेत आणि शाबूत आहेत. मग सगळा कळप इथेच का?

३ मार्च, गुरुवार
कळलं. सकाळी चौकीदार दत्तोबा डोक्यावर गोणी घेऊन रोपांकडे निघालेला. मीठ! नवाबाच्या मचाणासमोर चितळं यावीत म्हणून दर गुरुवारी टाकायचो, तेच. मचाण मोडलं, नवाब गेला, राज्य गेलं — मीठ चालूच!
"अरे, कुणी सांगितलं?"
"हुकूम हाय की, दारोगासाब. बंद करा म्हणून कोन बोलले?"
हुकूम शोधला. सन १३४७ फसली, म्हणजे १९३८. अकरा वर्षं झाली. खाली सही माझी. आणि गेल्या पावसाळ्यात रोपं लावायला तीच मोकळी जागा दाखवणारा? तोही मीच.

५ मार्च
कागद साहेबांपुढे ठेवला. चूक माझी, म्हटलं. मीठ बंद करू, कळप पांगेल, रोपं वाचतील, गोळीची गरज नाही.
साहेब हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. "उलट, चालू ठेवा. सतरा तारीख गुरुवारच आहे. सगळी एका जागी सापडतील." कागद त्यांच्या खणात गेला. "मीठ थांबलं, तर हा वर जाईल. नोकरी राहणार नाही तुमची."
नमस्कार करून निघालो. हात जोडले, पण दात आवळले होते.

९ मार्च
दत्तोबाला सांगितलं — उद्यापासून एक खडा टाकायचा नाही.
"और तुमची नौकरी?"
"माझी जाईल. तुझी नाही." तसा लेखी हुकूम त्याच्या हातात दिला. तारीख घातली, सही केली. बरं वाटलं.

१७ मार्च
दोन गुरुवार मीठ नाही. तरी बंदुकांसमोर आली. शंभरावर असतील. अकरा वर्षांचं मीठ मुरलेली नुसती माती चाटत उभी होती.