बाहुल्याचा दुसरा डोळा

स्लायगो (आयर्लंड), मे २०२१

शोभनाताई,

तुझ्या पायावर डोकं ठेवते. भाऊजींनाही नमस्कार सांग (पेपर खाली ठेवतील तेव्हा). तुझी पाठ कशी आहे, लस मिळाली का, सासूबाईंचा खोकला थांबला का? आम्ही बरे आहोत. निमिष आता रांगतो आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण उपेंद्र हॉस्पिटलातनं आला की शेजारच्या खोलीत पडतो, आणि इथल्या भिंती म्हणजे पापड. म्हणून पत्र. चुका काढत बसू नको, मी दहावीला मराठीतच गचकले होते.

आमची घरमालकीण नोरा तुला माहीतच आहे, सत्तरीची म्हातारी, खाली राहते, आम्ही वर. तर ती ख्रिसमसला बहिणीकडे वॉटरफोर्डला गेली आणि लॉकडाऊन लागलं, तिकडेच अडकली. जाताना मला म्हणाली होती, माझ्या जपानी वस्तूंवरची धूळ तेवढी झटक, कोरड्या ब्रशनं, बाकी कशाला हात लावू नको. ताई, या वस्तू म्हणजे काय सांगू. गवताच्या चपला, जळकी किटली, चिरलेली बरणी, ठिगळाला ठिगळ लावलेलं जाकीट. आपल्याकडे बोहारीण फुकटसुद्धा नेणार नाही. पण नोरानं जन्मभर लिलावातनं एकेक जमवलंय, जपानी शेतकऱ्यांच्या घरचं म्हणून, आणि दर रविवारी व्हिडिओवर बघायची, जसं आपण गावी ठेवलेलं पोर बघतो.

त्यातच एक लाल बाहुला. कागदाच्या लगद्याचा, हात नाही पाय नाही, नुसतं मिशीवालं डोकं. आडवा पाडला तर परत उठून बसतो. एक डोळा काळाभोर आणि दुसरा कोरा पांढरा. निमिषला तेव्हा दात येत होते, रडून रडून लाल व्हायचा, आणि हा एकडोळ्या त्याच्याकडे टक लावून. मीठमोहऱ्या ओवाळल्या, काही फरक नाही. मग मी आईनं दिलेलं घरचं काजळ घेतलं आणि अंगठ्यानं त्याचा दुसरा डोळा भरून टाकला. जरा मोठाच झाला. पण निमिष शांत झाला गं (दातही त्याच दिवशी वर आला, ते सोड).

पुढच्या रविवारी नोरा म्हणते, माझ्या लाल माणसाला जप. त्यांच्यात म्हणे काही मागायचं असलं की एक डोळा रंगवतात, आणि मनासारखं झालं की दुसरा. मी पण एक मागितलंय, म्हणाली, काय ते सांगायचं नसतं. माझ्या हातातनं फोन पडला. नेटवर्क गेलं म्हणून सांगितलं.

ताई, माझी झोप उडाली. इथं भाड्यानं घर मिळत नाही, लोक गाडीत झोपतात म्हणे. म्हातारीनं काढलं तर पोराला घेऊन कुठं जाऊ? काजळ पुसायला गेले तर त्यातलं तूप आत मुरलेलं, पसरायला लागलं. मग एकच उपाय राहिला, ती यायच्या आत तिचं मागणं पुरं करायचं.

आता मागितलंय काय? मला वाटलं, दुखरे गुडघे बरे व्हावेत. म्हणून पोस्टानं चोळायला एरंडेल पाठवलं, तर तिच्या बहिणीनं ते सॅलडवर घातलं. दोघी दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत (लॉकडाऊनच होतं म्हणा). मग आठवलं, नोराचं मांजर हरवलंय. शोधून आणलं, दूध पाजलं, ते शेजारच्या डेक्लनचं निघालं. तो आता मला बघितलं की मांजराला उचलून आत नेतो. दर रविवारी बाहुल्यापुढे किटली सरकवून फोन धरायचे, आणि मागच्या आठवड्यात प्रवासबंदी उठली आणि नोरा दारात.

चहा दिला. किटलीमागून तिनं बाहुला काढला. मी म्हणाले, नोरा, तो डोळा मीच रंगवला, बाळासाठी, आम्हाला घराबाहेर काढू नका. तर बाई हसायला लागली, इतकी, की मास्क ओला झाला. तिनं काय मागितलं होतं ठाऊक आहे? ही जुनं सामान घ्यायची खोड सुटू दे. बाहुल्यानं दोन्ही डोळे उघडलेत म्हणजे ग्रँड (इथं झकासला तसंच म्हणतात), सुटली म्हणायची. आता मी बहिणीकडेच राहते, म्हणाली, तुम्ही या घरात राहा आणि धूळ झटका. मी तिथंच निमिषला घेऊन नाचले.

उपेंद्रला फक्त घर मिळालं एवढंच सांगितलंय. बाकी सगळं तुझ्यापाशी. लहानग्यांना पापे.

तुझी
वृंदा

ता. क. काल नोराचा फोन आला. ऑनलाइन लिलावात तिनं गवताचा रेनकोट घेतलाय. पत्ता आमचा दिलाय, माझ्या बहिणीला सांगू नको म्हणाली.

ता. क. परत. लिलाव कसा असतो ते ती मला फोनवर शिकवत होती, तेव्हा माझं बोट बोलीच्या बटणाला लागलं. खरं सांगू, दुसऱ्यांदा मीच लावलं. चुलीवर भांडं टांगायचा लाकडी मासा येतोय, चांगला हातभर लांब. उपेंद्रनं विचारलं तर तुझ्या सासूबाईंनी पाठवला, त्यांच्या माहेरचा आहे, असं सांग. त्या माळकरी आहेत ते मला ठाऊक आहे, पण तू जुळव काहीतरी.