पायलच्या तोंडातला कापूस

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥

कळंब, मंगळवार, २१ फेब्रुवारी २००६

आदरणीय विहीणबाई सौ. विमलताई यांना घनश्यामचा नमस्कार. दोन्ही हात नीट जोडून केलेला आहे, कोपरापासून नाही. तुमचा गुडघा कसा आहे? थंडी सरल्यापासून ओट्याच्या पायऱ्या चढता-उतरता येतात असं रवी सांगत होता, ऐकून बरं वाटलं. इकडे रवीच्या आईची पाठ अधूनमधून धरते, माझा दमा सध्या माणसात आहे. हे पत्र मी व्याहीबुवांना मुद्दामच लिहीत नाही. ते दुसऱ्या ओळीलाच मला माफ करून मोकळे होतील, आणि इतक्या स्वस्तातली माफी मला पचायची नाही. शिवाय रागावलेल्या तुम्ही आहात. फोन तीन वेळा करून पाहिला. माझं 'हॅलो' पुरतं ऐकून घेऊन तुम्ही रिसीव्हर ठेवलात. (चौथ्यांदा मी आवाज बदलून बोललो. तोही ओळखलात.) पत्राचं बरं असतं, रागानं खाली ठेवलं तरी ते तिथंच पडून राहतं.

आधी माझी बाजू सांगतो. तशी मला बाजू नाहीच, हे पुढे तुमच्या लक्षात येईल, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी. एकतीस वर्षं मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीतला चिमूटभर कापूस उचलायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि प्रत सांगायची. गाडीवाला तोवर श्वास धरून माझ्या तोंडाकडे बघत उभा. एवढी वर्षं लोकांनी आपल्या तोंडाकडे असं बघितलं की माणसाला वाटायला लागतं, जगातलं सगळंच आपल्याला बोटांनी कळतं. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. मी वांग्यांना प्रत लावतो, पाहुण्यांना लावतो, रवीसाठी मुलगी पाहायला आलो तेव्हा तुमच्या घरच्या पोह्यांनाही मनातल्या मनात लावली होती (पहिली; लिंबू किंचित कमी).

त्या दिवशीचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून तुम्ही ते ऐकलेलं नाही, म्हणून लिहितो. संक्रांत झाल्यावर तुम्ही अर्पिताला आणि अडीच महिन्यांच्या पायलला रीतीप्रमाणे आमच्याकडे पोचवायला आलात. पाळणा आणलात, दुपटी आणलीत आणि ती गादी आणलीत. तुमच्या वावरातला कापूस, तुम्ही वेचलेला, सरकी काढून पिंजून घेतलेला, टाकेही तुमच्याच हातचे. चौथ्या दिवशी अंगणात पायलचं बोरन्हाण केलं. अकरा बायका जमल्या होत्या. पायलला गादीवर बसतं धरून डोक्यावरून बोरं-लाह्या ओतल्या तशी ती किंचाळली, तोंड उघडलं, आणि शेजारची लालीबाई म्हणाली, "माय, लेकराच्या तोंडात पांढरं पांढरं काय होय?" जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरे ठिपके होते. दोन दिवसांपासून पोर दूध प्यायला लागली की रडून सोडून देत होती, त्याचाही उलगडा मला त्याच क्षणी झाला. मी ओट्यावरून उठलो आणि निकाल दिला: कापूस.

विमलताई, तुम्ही तरी मला सांगा, आमच्या भागात पांढरं दिसलं तर माणूस दुसरं काय म्हणणार? त्यात यंदा खरेदी केंद्र उशिरा उघडलं, उघडल्यावर भाव ऐकून लोकांनी गाड्या माघारी वळवल्या, आणि घराघरांत कापूस कोंबला. आमच्याही बैठकीत आढ्यापर्यंत होता. आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावरची रुई वेचत होतो. मी बोटाला ओला कपडा गुंडाळला आणि पायलच्या जिभेवरचा कापूस पुसायला गेलो. निघेना. जोर लावला. पोरीनं आकांत केला आणि कपड्यावर रक्ताचा ठिपका आला. तो ठिपका पाहून मी घाबरलो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घाबरलेल्या माणसानं खाली बसावं, पाणी प्यावं. मी विळा आणला.

आणि तुमची गादी उसवली. अकरा बायकांच्या देखत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आतला कापूस उपसून वर धरला, धागा ओढला आणि खणखणीत आवाजात म्हणालो की हा माल कवडी आहे, पावसात भिजून पिवळा पडलेला, असला कापूस लेकराच्या अंगाखाली घालतात का? (त्या दिवशी उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती आणि माझा चष्मा आत राहिला होता, हे इथे नमूद करतो.) तुम्ही पदरानं हात पुसलेत आणि एवढंच म्हणालात, "इवाई, मी लेकीले आजवर कवडी माल देला नाही. ना गादीत, ना लग्नात." आणि जेवायला न थांबता दुपारच्या यष्टीनं निघून गेलात. बायका बोरं न उचलताच घरी गेल्या. मग रवीची आई बैठकीचं दार सताड उघडून माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवला, अन् तुमाले एवढीशी गादीच दिसली काय?"

दुसऱ्या दिवशी अर्पिता आणि रवी पायलला दवाखान्यात घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो, पुराव्यादाखल तुमच्या गादीतला कापूस कागदाच्या पुडीत बांधून. डॉक्टरीणबाई अगदी तरुण. त्यांनी बॅटरी लावून पायलचं तोंड पाहिलं, मग माझी पुडी पाहिली, मग मला पाहिलं. म्हणाल्या, हा कापूस नाही, दूधही नाही, ही बुरशी आहे. दुधाचा थर पुसला की निघतो; हा निघत नाही, आणि ओढून काढला तर खालून रक्त येतं, तेव्हा पुसायचं नाही. लहान लेकरांना हे पुष्कळदा होतं, त्यांच्या अंगातली ताकद अजून तयार व्हायची असते. मधे ताप आला तेव्हा पायलला जे औषध दिलं होतं त्यानंतरही होऊ शकतं. जिभेवर आणि गालांच्या आतून सोडायला थेंब दिले, अर्पितालाही लावायला मलम दिलं, कारण पिणाऱ्या लेकराकडून आईला आणि आईकडून परत लेकराला अशी त्या बुरशीची येजा चालते. वाटी-चमचा उकळून घ्यायचा, हात धुवायचे, आणि वर्ष होईपर्यंत मधाचं बोट नाही. (टाकणखार-मधाची सूचना मी तेवढ्यात करून पाहिली होती.) मी विचारलं, पण मग चूक कोणाची? त्या म्हणाल्या, कोणाचीच नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत असला निकाल मी ऐकला नव्हता. माल नाकारायचा तर कारण लिहावं लागतं!

घरी आल्यावर अर्पितानं पिशवी भरली. मी दारात उभा राहिलो तर म्हणाली, "बाबा, आईची गादी फाडली तुमी. आता लेकराले कायच्यावर झोपवू?" आणि आठ दिवसांसाठी म्हणून दिग्रसला गेली. त्या आठ दिवसांना आता महिना होत आला. रवी दर रविवारी तिकडे जातो आणि येऊन सांगतो की दहा दिवसांत पायलचं तोंड स्वच्छ झालं, दूध पोटभर पिते, वजन वाढलं, माणूस ओळखून हसते. कोणाकोणाला ओळखते ते मी विचारत नाही.

आता माझी गंमत ऐका. तुम्हाला हसू येईल, आणि ते यावं म्हणूनच लिहितो. अर्पिता गेल्यावर आठवडाभरात माझंच तोंड पेटलं. ठेचा सोडाच, वरण झोंबायला लागलं. चव गेली, ओठांचे कोपरे चिरले. रवीच्या आईला सांगायची सोय नव्हती, म्हणून मी निमूट दहीभात खायला लागलो. तिला वाटलं, हा माणूस नातीच्या विरहानं झुरतो आहे. तिनं ते आळीभर सांगितलं, आणि ज्या लालीबाईनं दहा-बारा दिवस माझ्याकडे पाहिलं नव्हतं तिनं माझ्यासाठी वाटीभर कढी पाठवली. एकदा दार लावून आरशात जीभ पाहिली. पांढरी! मी तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला माणूस, सोडून सहा वर्षं झाली तरी मनात भीती बसलेली. मला वाटलं, झालं, मोठा आजार. रवीला वावराचे कागद कुठे आहेत ते दाखवून ठेवले. बाकी कशाचं नाही, पण पायल मला कधी ओळखणारच नाही, या विचारानं त्या दिवशी मी बैठकीतल्या कापसात तोंड खुपसून रडलो. (पुढे अर्धा तास शिंका.)

शेवटी एकटाच त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बॅटरी लावली आणि म्हणाल्या, "बाबा, हे तर नातीचंच दुखणं!" मग चौकशी सुरू झाली. कवळी रात्री काढून ठेवता का? नाही, रवीच्या लग्नासाठी बसवली ती साफ करण्यापुरती सोडली तर दोन वर्षं तोंडातच आहे. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरता का? नाही; औषध महागाचं, ते धुऊन कशाला टाकायचं. यावर त्यांनी डोक्याला हात लावला. साखर तपासली, ती ठीक निघाली. ही बुरशी म्हणे थोडीथोडी सगळ्यांच्याच तोंडात असते, संधी मिळाली की वाढते. लहान लेकराच्या बाबतीत सहसा काळजीचं काही नसतं, पण मोठ्या माणसाला झाली तर का झाली ते शोधावं लागतं, आणि तुमच्या बाबतीत फार शोधायला नको. मला विहीणबाई, खरं सांगतो, बरं वाटलं. अखेर कोणाची तरी चूक निघाली. औषध लावलं, दोन आठवड्यांत ठेचा खायला लागलो. आता कवळी रात्री वाडग्यातल्या पाण्यात झोपते (पहिल्या दिवशी सकाळी रवीच्या आईनं त्यात हात घातला, ते प्रकरण वेगळं) आणि पंपानंतर मी इतक्या खळखळून चुळा भरतो की शेजारचे उठतात.

बैठकीतला कापूसही मागच्या आठवड्यात गेला. भिंती झाडून काढल्या, चुन्याचा हात दिला, पाळणा टांगायची कडी तेल घालून ठेवली आहे. घाई कसलीच नाही. तुमच्या सोयीनं, अर्पिताच्या मर्जीनं. व्याहीबुवांना नमस्कार, अर्पिताला आशीर्वाद, पायलला काय द्यायचं ते सुचत नाही, ते तुम्हीच माझ्या वतीनं द्या.

तुमचा अपराधी व्याही,
घनश्याम

ता. क. गादी पुन्हा भरून शिवली आहे. रवीच्या आईनं सुईला हात लावला नाही, म्हणाली ज्यानं उसवली त्यानं शिवावी. तीन दिवस लागले. टाके पाहून हसू नका.

ता. क. दुसरा. विमलताई, वर चष्म्याचं लिहिलं ते खोटं आहे. चष्मा डोळ्यांवरच होता आणि ऊन माझ्या पाठीवर होतं. गादीत हात घातला तेव्हाच बोटांना कळलं की असा लांब धाग्याचा, दुधासारखा स्वच्छ कापूस मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. पण पोरीच्या तोंडातून रक्त माझ्या हातानं आलं होतं, अकरा बायका बघत होत्या, आणि मला कोणीतरी दुसरं दोषी हवं होतं. नोकरीत मी कुणाच्या मालाची प्रत जाणून खोटी सांगितली नाही. तुमच्या मालाची सांगितली. त्या अकराही जणींच्या घरी मी गेल्या दोन दिवसांत जाऊन आलो आणि ओट्यावर उभा राहून निकाल दुरुस्त केला. लालीबाईनं दोनदा म्हणायला लावला.

ता. क. तिसरा. दिग्रस, गुरुवार, सकाळचे साडेदहा. पत्र टपालात टाकायला निघालो होतो, पाय यष्टी स्टँडकडे गेले. यवतमाळला गाडी बदलून आलो आहे आणि तुमच्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवर गादी मांडीवर घेऊन बसलो आहे. हा चौथा चहा. प्रत्येक चहाला वाटतं, आता उठावं. तोंड स्वच्छ आहे, डॉक्टरीणबाईंनी तपासलं आहे. हात साबणानं धुतलेत, तरी पापा घेणार नाही, नुसती बघीन.

आत्ता अर्पिता पायलला घेऊन ओट्यावर उन्हात आली. तिनं मला पाहिलंय. आत गेली नाही. पायलला उचलून माझ्याकडे तोंड करून धरलंय. विमलताई, हे पत्र मी स्वतःच आणून तुमच्या हातात देतो. तुम्ही वाचत असाल तोवर पायऱ्यांखाली उभा आहे. वर बोलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण वाचताना पायलला माझ्याजवळ द्या, पत्र लांबलचक आहे.