तुमचं मत सकाळीच झालं

बाबा, तुम्ही या निवडणुकीतही मतदान केलंत. सकाळीच केलंत, ऊन चढायच्या आत. हे मला गावच्या शाळेत, सातवीच्या वर्गात समजलं, आणि दुबईला परत येऊन आठवडा होत आला तरी माझ्या डोक्यातून ते जात नाही. ऑफिसात कुणी काही विचारलं की मला ते पहिल्यांदा ऐकूच येत नाही. माझा मुलगा पोटात होता तेव्हा तुम्ही गेलात. आता त्याला मिसरूड फुटलंय.

मला तुम्ही आठवता ते इथल्या, दुबईतल्या अल मनखूलच्या आपल्या फरसाणाच्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात. मतदान करून कालच गावाहून आला आहात, शेवेचा घाणा काढताय, आणि झारा धरलेल्या हाताच्या बोटावर काळी शाई आहे. गिऱ्हाईकं विचारतात, हाताला काय लागलं? तुम्ही प्रत्येकाला खुशीत सांगता. मी तेव्हा कॉलेजात. मी इंग्रजीत म्हणाले की एका मतानं काय फरक पडतो, ऐन दिवाळीच्या तोंडावर दुकान बंद ठेवून जायचं कशाला. तुम्ही कधी आवाज चढवत नसा. झारा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "इथे कितीही वर्षं राहिलो तरी आपण पाहुणे. त्या शाळेच्या खोलीत मात्र मी धनी असतो. तू पाहुण्यासारखी बोलू नकोस." पुढच्या सुट्टीत मला गावी नेलंत आणि तुमच्या नावाखाली माझं नाव यादीत घालून घेतलंत. त्यानंतर परीक्षा, नोकरी, लग्न, मूल. जायचं राहतच गेलं. यंदा मुलाला शाळेत कसलासा प्रोजेक्ट होता. जेवताना त्यानं विचारलं, "आई, हॅव यू एव्हर व्होटेड?" मी नाही म्हणाले, आणि त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

गावी काकांना कळवलं नव्हतं. त्यांना चकित करायचं होतं. मतदानाच्या दिवशी सकाळी पुण्याला उतरले, गाडी केली आणि बॅगेसकट थेट शाळेत गेले. बायकांच्या रांगेत कुणीतरी ओळखलं, दुबईवाल्यांची मुलगी ना, म्हणून जागा करून दिली. आतला अधिकारी दुसऱ्या तालुक्यातला तरुण शिक्षक होता. त्यानं पासपोर्ट घेतला, यादीवरून बोट फिरवलं, थांबला. म्हणाला, तुमचं मतदान झालंय. मी हसले. म्हटलं, आत्ताच येतेय, पासपोर्टवर आज सकाळचा शिक्का आहे, बघा. त्यानं शिक्का पाहिला, परत यादी पाहिली आणि जरा चाचरत म्हणाला, "तुमच्या वरचं नाव वडिलांचं ना? त्यांचंही झालंय. सकाळीच."

माझे वडील तर वारलेत, असं मी सांगितलं. भिंतीलगतच्या बाकावर पक्षांची माणसं बसली होती. मतदार ओळखायचं काम त्यांचं. त्यात काकांचा मुलगा होता. मी आत आले तेव्हा तो हसला होता. आता तो पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता, उघडत नव्हता. मग केंद्राचे प्रमुख उठून आले. त्यांनी सांगितलं की तुमच्या नावावर आधीच मत पडलंय, त्यामुळे मशीनवर देता येणार नाही, पण कागदी मतपत्रिका देतो, ती वेगळ्या पाकिटात बंद होईल. मी विचारलं, ती मोजणार का? ते म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? प्रकरण कोर्टात गेलं तरच." तक्रार लिहून देता का, असंही त्यांनी विचारलं. मी भावाकडे पाहिलं आणि नको म्हणाले. पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहून शिक्का मारला तो वाकडाच उमटला.

मला वाटलं होतं काका खाली मान घालतील. घरी पोचले तर काकांनी पाट मांडायला सांगितले. काकूंनी गरम भात वाढला. मी विचारलं तसं काका अगदी सहज सांगू लागले, की तुझं मत सूनबाई टाकते, दरवेळी, वाया कशाला घालवायचं. तुमचं मत तुमच्याच वर्गातल्या एका मित्राकडे दिलं होतं, ज्याचं स्वतःचं नाव शहरातल्या यादीत आहे. परक्याकडे नाही दिलं, हे काकांनी मुद्दाम सांगितलं. मग म्हणाले, "येणार होतीस तर कळवायचंस. तुझं राखून ठेवलं असतं." जेवायला उशीर झालेल्या माणसाच्या वाटणीची पोळी झाकून ठेवतात, त्या मायेनं म्हणाले हो ते. सूनबाईनं मला वाढता वाढता तूप हवं का विचारलं. तिच्या बोटावर माझी शाई होती. हातातला घास मी ताटात ठेवला. मी म्हटलं, बाबांचं नाव मी यादीतून काढायला लावणार आहे. काकांचा हात ताटात थांबला. "दादाला गावातून तू काढणार?" एवढंच म्हणाले, आणि उठले. निघताना त्यांनी नेहमीसारखे पोहे-पापड गाडीत ठेवायला लावले, पण स्वतः बाहेर आले नाहीत.

दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी पोचले तर मुलानं आधी माझी बोटं पाहिली. मग मी सगळं सांगितलं. तो गोंधळला. "बट आजोबा इज डेड," एवढंच म्हणत राहिला. काल मी फोनवर तुमचं नाव वगळण्याचा अर्ज भरला. कारण विचारलं होतं, तिथे मृत्यू लिहिलं. मुलगा शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, "खलास?" मी म्हटलं, खलास. काकांचा फोन अजून आलेला नाही. मीही केलेला नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते, जी मी मुलालाही सांगितली नाही. "त्यांचंही झालंय, सकाळीच," असं तो शिक्षक म्हणाला ना, तेव्हा संताप जरा नंतर आला. त्याच्या आधी मी वळून दाराकडे पाहिलं होतं, तुम्ही बाहेर व्हरांड्यात थांबला आहात का म्हणून.