चाटलेला दगड

४ मार्च

शी! आज पुन्हा चाटला. जेवणाच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत! सासरेबुवांनी जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यामुळे दगड हातात आला की जीभ बाहेर. "ओला केल्याशिवाय खरा रंग दिसत नाही गं." मग पाण्यात बुडवा ना! नवरा म्हणतो, "सवय आहे, सोड." सोड म्हणे! टेबल पुसायला मी आहेच.

५ मार्च

हा नवा दगड त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने खाणीतून पाठवलाय. शिशासारखा करडा, चकचकीत, हाताला चांगलाच जड. आणि मऊ! नखानेसुद्धा ओरखडा उठतो. कडेचा पातळ पापुद्रा उजेडात धरला तर आतून लालभडक. देखणा आहे, कबूल. पण त्यावर थुंकी वाळलेली!

"कुठल्यातरी धातूचं सल्फाइड आहे, पण कुठल्या ते कळेना," म्हणाले. कपची काढून त्याच विद्यार्थ्याकडे तपासायला पाठवली.

८ मार्च

रात्रीची भांडी झाली की रोज दगड घासते. घासणी, गरम पाणी, भरपूर साबण. काळं पाणी निघतं, बोटं करडी होतात. नखांतलं काही केल्या जात नाही, शेवटी दातांनी कोरून काढते. पण त्यांची थुंकी घरभर फिरण्यापेक्षा हे परवडलं.

आज घासून ठेवला आणि पाठ वळते न वळते तोच — पुन्हा जीभ! मला मळमळलंच.

१५ मार्च

विद्यार्थ्याचा फोन. "सर, यात थॅलियम आणि आर्सेनिक आहे. फार दुर्मिळ. पण जहाल विष — हात लावू नका!"

सासरेबुवांना आनंद मावेना! "अगं, उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं हे!"

"आणि चाटलंत त्याचं काय, बाबा?"

तेव्हा कुठे चेहरा उतरला. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. या माणसाच्या जिवाचं काय होणार, आणि कौतुक दगडाचं! डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची लघवी तपासायला घेतली.

१६ मार्च

दवाखान्याच्या धावपळीने तळपाय नुसते जळजळताहेत. देवा, म्हातारा वाचू दे. मग काय हवं ते चाटू दे.

१९ मार्च

रिपोर्ट आले. सासरेबुवांचा ठीक. नवऱ्याचाही. विष निघालं ते माझ्यात!

सासरेबुवांनी कागद खाली ठेवला. हळूच विचारलं, "नुसतं चाटून त्यातून फारसं काही सुटत नाही गं. पण तू... रोज घासायचीस?"